कोकणातून सिंगापूरला घरच्यांना घेऊन जाताय? कमी खर्चात असं फिरा

घरातली पाच माणसं परदेशात न्यायची म्हणजे विमान आणि हॉटेलातच निम्मे पैसे संपतात, त्यामुळे तिथे फुकट काय बघता येईल ते इथूनच ठरवून निघा, नाहीतर मुलं समोर दिसेल त्या तिकिटाच्या रांगेकडे ओढत नेतात. आमचं कुटुंब देवगडचं. मे महिन्यात आंबा सोडून कुठे जाता येत नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत गेलो, मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई.

आधी कागद. सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटकडूनच करा. एसजी अरायव्हल कार्ड नावाचा ऑनलाइन फॉर्म पोचायचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत भरायचा असतो, तो सरकारी साइटवर फुकट आहे, कोणी त्याचे पैसे मागितले तर ती साइट बंद करा.

मग यादीतून समुद्र काढून टाका. हे मी मनापासून सांगते. सेंटोसा बेटावरचे बीच स्वच्छ आहेत, बोर्डवॉकवरून, म्हणजे पायवाटेच्या पुलावरून, चालत गेलात तर प्रवेशही फुकट आहे, पण वाळूत किल्ले करायला आपली मुलं विमानात बसवून कशाला न्यायची, ती रोजच करतात. आपल्याकडे जे नाही ते दाखवा. आम्ही सगळ्या ट्रिपमध्ये एकच मोठं तिकीट काढलं, मंडाईच्या झूचं, तिथे बऱ्याच प्राण्यांना पिंजरे नाहीत, मध्ये फक्त खंदक असतो. मुलांना आधीच सांगितलं होतं की तिकीट एकच, कशाचं ते तुम्ही दोघांनी ठरवा, त्यामुळे नंतर कुठेच हट्ट झाला नाही.

दिवसाचे तीन तुकडे करा. सकाळी बाग. बोटॅनिक गार्डन पहाटे ५ पासून उघडी असते, प्रवेश फुकट, २०१५ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आतलं ऑर्किड गार्डन तेवढं तिकिटाचं. तिथेच मुलांसाठी जेकब बॅलस चिल्ड्रन्स गार्डन आहे, तेही फुकट, आणि गंमत म्हणजे सोबत मूल असल्याशिवाय मोठ्यांना आत सोडत नाहीत. ही मुलांची बाग सोमवारी बंद असते.

दुपारी ऊन नाहीतर पाऊस. नोव्हेंबरात तिथे दुपारी चांगलाच कोसळतो, तेव्हा ती वेळ एसी मॉल, लायब्ररी किंवा सरळ झोपेला ठेवा, म्हातारी माणसं सोबत असली तर झोपच.

संध्याकाळी गार्डन्स बाय द बे. काचेच्या दोन डोमना तिकीट आहे, बाहेरची बाग फुकट. सुपरट्री म्हणजे लोखंडी झाडं, सगळ्यात उंच ५० मीटरचं, आपले दोन माड एकावर एक उभे केल्यासारखं. रोज ७:४५ आणि ८:४५ ला गाण्यांवर लाइट शो होतो. खुर्च्या शोधू नका, एक चादर न्या आणि खाली आडवे व्हा. धाकटी माझ्या दंडावर डोकं ठेवून बघत होती, लाइट निळे झाले तशी हळूच म्हणाली, "आई, पाण्याच्या आत आहोत आपण."

जेवण हॉकर सेंटरमध्ये. एका छपराखाली ओळीने टपऱ्या, डोसा, बिर्याणी, नूडल्स, सगळं हॉटेलपेक्षा स्वस्त. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसे तिथले लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरतात, ते उचलू नका. खाऊन झाल्यावर ट्रे परत नेऊन ठेवायचा, तो नियमच आहे. नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या भरून घ्या. लिटिल इंडियातलं टेक्का सेंटर सकाळी गाठा, बाजूलाच मासळी बाजार भरतो. सासूबाईंनी तिथे बांगडा उचलला, कल्ले उघडून लाल आहेत का बघितले आणि मान डोलावली, मासेवाल्याने हसून दुसरा पुढे केला, भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती. तासभर आम्ही तिथेच होतो. दिवाळीच्या दिवसांत तिथल्या सेरंगून रोडवर रोषणाई असते, तीही बघून घ्या.

फिरायला एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, आणि बस. टॅक्सीची गरजच पडत नाही. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल मोठ्या माणसाबरोबर फुकट जातं. गाडीत खाणंपिणं मात्र अजिबात नाही, ५०० डॉलरपर्यंत दंड आहे, तेव्हा लाडवाचा डबा पिशवीतच राहू द्या. ड्युरियन नावाचं फणसासारखं काटेरी फळ घेतलंत तर तेही गाडीत नेता येत नाही, वासामुळे.

परतीच्या दिवशी विमानतळावर तीन तास जास्तीचे ठेवा. टर्मिनल १ ला जोडून ज्युएल नावाचा मॉल आहे, आत छपरातून ४० मीटर खाली पडणारा धबधबा, बघायला पैसे नाहीत. फक्त इमिग्रेशनच्या आत शिरण्याआधीच बघायचा, एकदा आत गेलात की परत बाहेर येता येत नाही.