साइट्स अनेक असतील तर सेफ्टी ऑडिट आखताना या चुका टाळा

मार्च आला की ४ तारखेला राष्ट्रीय सुरक्षा दिन, बॅनर, शपथ, फोटो. आणि त्याच महिन्यात वर्षभर रखडलेली अंतर्गत ऑडिट्स उरकण्याची धावपळ. अशा ऑडिटमधून फाइल पूर्ण होते, बाकी हाती फारसं लागत नाही. दोष बहुतेक वेळा ऑडिटरचा नसतो, वेळापत्रकाचा असतो.

पहिली चूक म्हणजे सगळ्यांना समान वाटप. बीकेसीतल्या ऑफिसला वर्षातून एक ऑडिट आणि भिवंडीच्या गोडाऊनलाही एकच. ऑफिसात बाहेर पडायचे मार्ग, वायरिंग, पॅन्ट्री एवढं पाहून झालं की काम आटोपतं. गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट, उंच रॅक आणि ठेकेदाराची सतत बदलणारी माणसं. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक असलेल्या आयएसओ ४५००१ मध्येसुद्धा कामाचं महत्त्व आणि मागच्या ऑडिटचे निष्कर्ष लक्षात घेऊनच कार्यक्रम आखायला सांगितलंय. तेव्हा आधी साइट्सची क्रमवारी लावा: कुठे सर्वात वाईट काय घडू शकतं, वर्षभरात थोडक्यात बचावल्याचे प्रसंग कुठे आले, कुठे नवीन मशिन किंवा नवा ठेकेदार आला. मगच तारखा.

तारखांचंही तसंच. छप्पर, गटारं, पॅनेल रूम, अर्थिंग हे एप्रिलमध्ये पाहा. जूनच्या पहिल्या सरीनंतर पाहिलंत तर दुरुस्तीला पत्र्यावर चढणार कोण? उलट गोडाऊन दिवाळीच्या आधी, माल ठासून भरलेला असताना पाहायला हवं. जानेवारीत जो रस्ता मोकळा दिसतो, तिथेच ऑक्टोबरमध्ये खोके छातीपर्यंत रचलेले असतात आणि फायर एक्स्टिंग्विशर त्यांच्यामागे. भिंतीवरचा लाल बाण तेवढा दिसतो.

मुंबईची खास चूक म्हणजे एका दिवसात दोन साइट्स. सकाळी अंधेरी एमआयडीसी, दुपारी तळोजा. कागदावर हे छान जमतं. प्रत्यक्षात ऑडिटर तळोज्याला तीनच्या सुमाराला पोचतो, नेमकी पहिली शिफ्ट सुटताना. लोक हात धुतायत, मशिन बंद, जमीन झाडून स्वच्छ. तो काम पाहतच नाही, आवराआवर पाहतो. एका दिवशी एकच साइट ठेवा, आणि वर्षातून एकदा तरी रात्रपाळीला जा. परमिट, म्हणजे धोक्याच्या कामाची लेखी परवानगी, न घेता टाकी साफ करणं किंवा संरक्षक कव्हर काढून मशिन चालवणं दिवसा साहेबांसमोर कुणी करत नाही.

माणसं कमी म्हणून दोन साइट्सचे सेफ्टी ऑफिसर एकमेकांचं ऑडिट करतात. काही दिवसांत ‘तू माझं सांभाळ, मी तुझं’ सुरू होतं. तिघांची साखळी करा: पहिला दुसऱ्याचं, दुसरा तिसऱ्याचं, तिसरा पहिल्याचं.

फायरचा फॉर्म बी म्हणजे ऑडिट नव्हे, हेही एकदा स्पष्ट केलेलं बरं. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचं ते प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. यंत्रणा चालू आहे एवढं त्यातून कळतं. जिन्यात कुणी जुनी कपाटं ठेवली की नाही, हे तुम्हालाच पाहावं लागेल.

आता ज्यावर वेळापत्रकं हमखास घसरतात ती गोष्ट. वर्षातले सगळे दिवस नव्या ऑडिट्सनी भरले की फेरतपासणीला दिवसच उरत नाही. मग दोष फोटोवर बंद होतात. खोके हलवले, फोटो काढला, ईमेल केला, विषय संपला. दोन आठवड्यांनी खोके पुन्हा तिथेच. त्यामुळे दर तिमाहीत काही दिवस मुद्दाम रिकामे ठेवा आणि न सांगता जाऊन या. एकच दोष तीन साइट्सवर सापडला तर तिन्ही मॅनेजरना झापण्यात अर्थ नाही. शिड्या सगळीकडे डुगडुगतायत म्हणजे खरेदी विभागाने कुठली शिडी घेतली ते आधी विचारा.

आणि ऑडिटर आजारी पडला, मेगाब्लॉक आला, वेळापत्रक कोलमडलं तर पुढे ढकलायचं ते ऑफिसचं ऑडिट. गोडाऊनची तारीख हलवायचीच वेळ आली, तर ती कुणी आणि का हलवली ते वेळापत्रकाच्या एक्सेलमध्येच नावानिशी लिहा.