ॲल्युमिनियमची बोट पाण्यात उतरवण्याआधी

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि बोटी वर ओढलेल्या असतात. पाच-सहा मीटरच्या, आऊटबोर्ड (मागे बाहेरून टांगलेल्या) इंजिनाच्या ॲल्युमिनियम बोटीची पुढची कामे याच दिवसांत उरकावीत. तांबे, पितळ किंवा स्टेनलेस स्टील ॲल्युमिनियमला टेकले आणि दोघांवर खारे पाणी आले की तिथे बॅटरी तयार होते, आणि या जोडीत झिजते ते ॲल्युमिनियम. म्हणून एक तर स्पर्श तोडायचा, नाहीतर मधले पाणी.

बोट कशावर टेकली आहे, तिथून सुरुवात करा. मीठ मुरलेले ओले गोणपाट, तांब्याचे औषध मारलेले लाकूड आणि नवे ओले सिमेंट, तिन्ही ॲल्युमिनियम खातात. साध्या कोरड्या लाकडावर रबराचा पट्टा ठेवून बोट टेकवा आणि खालून वारा खेळू द्या. मग बिल्ज, म्हणजे फळ्यांखालचा पाणी साचणारा तळ, रिकामे करून गोड्या पाण्याने धुवा आणि फरशीच्या फळ्या उचलून हात फिरवा. वायरचा तुकडा, पितळेचा कीस, पडलेले नाणे, काहीही सापडेल. तांब्याचा एवढासा तुकडा साचलेल्या पाण्यात एका जागी पडून राहिला तर त्याच्याखाली पत्र्याला खड्डा पडतो.

आता बोल्ट. सर्वांत जास्त वेळ इथेच द्या. क्लीट (दोर बांधायचा खुंट) किंवा रेलिंगचा पाया घट्ट दिसतो, पण वॉशरच्या कडेने पांढऱ्या पुडीची बारीक कडी उमटलेली असते. त्यावर गोडे पाणी घाला. मीठ असेल तर विरघळेल. विरघळले नाही तर ती ॲल्युमिनियमची झीज आहे. तो बोल्ट काढायचाच. भोक साफ करून पायाखाली दीड-दोन मि.मी. जाडीची ॲसिटाल किंवा एचडीपीई या कडक प्लास्टिकची पट्टी घाला आणि ती सगळीकडून ३ मि.मी. बाहेर राहू द्या, नाहीतर पाण्याचा थेंब कडेवरून दोन्ही धातू जोडतो. ६ मि.मी.च्या बोल्टसाठी भोक ८ मि.मी.चे करा आणि आत १ मि.मी. जाडीची प्लास्टिकची नळी बसवा. नटाच्या बाजूला आधी प्लास्टिकचा वॉशर, त्यावर स्टेनलेसचा. नायलॉन पाणी पिऊन फुगतो, त्यापेक्षा ॲसिटाल बरा. ताकद लावून आवळू नका, वॉशर चिरडला की सगळी मेहनत फुकट. कोरडे असतानाच मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक बोल्टला, दुसरे उघड्या ॲल्युमिनियमला लावा. मीटरवर दोघांत जोड दिसता कामा नये. फटी बुजवायला सीलंट पॉलियुरेथेनचा वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन धातू खातो.

ॲल्युमिनियममध्येच आटे पाडलेले असतील तर नळी घालता येत नाही. तिथे ३१६ प्रतीच्या स्टेनलेसच्या बोल्टच्या आट्यांना टेफ-जेल किंवा ड्युरालॅक (दोन धातूंमधली झीज रोखणारे लेप) भरपूर लावा. साधे ग्रीस धुऊन जाते. तांब्याचे अँटीसीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायचा लेप) आणि ग्रॅफाइटचे ग्रीस मात्र बोटीवर आणूच नका, ग्रॅफाइट तर स्टेनलेसहूनही वाईट सोबती.

रंगात एक चूक फार होते: फक्त ॲल्युमिनियम रंगवतात आणि शेजारचे स्टेनलेस उघडे ठेवतात. मग रंगावरच्या एका ओरखड्यावर सगळा मारा एकवटतो आणि तिथे पत्रा खोल खाल्ला जातो. दोन्ही रंगवा, एकच शक्य असेल तर स्टेनलेस रंगवा. रंगाला फुगे आले असतील तर फोडून खालची पांढरी पूड पूर्ण घासा, पण लोखंडी तारेच्या ब्रशने नको, लोखंडाचे कण पत्र्यात रुततात. घासल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. तळाला शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग तांबेविरहितच घ्या.

वायरिंगमधली गळती डोळ्यांना दिसत नाही आणि सर्वांत वेगाने खाते तीच. आऊटबोर्डचे अंग बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेले असते, म्हणून चाचणीपुरत्या इंजिनाच्या दोन्ही केबल सोडवा. सगळी स्विचे चालू करा. १२ व्होल्टचा लहान दिवा पॉझिटिव्ह आणि पत्र्यामध्ये धरा: पेटला तर निगेटिव्ह कुठेतरी पत्र्याला टेकली आहे, बहुधा व्हीएचएफ रेडिओच्या अँटेनाच्या पायाशी. मग निगेटिव्ह आणि पत्र्यामध्ये धरा. इथे पेटला तर पॉझिटिव्ह गळते आहे. बिल्ज पंपाच्या फ्लोट स्विचचा (पाणी चढले की पंप चालू करणाऱ्या तरंगत्या स्विचचा) पाण्यात बुडणारा जोड आधी तपासा. दिवा पेटला नाही तरच मीटर मिलिअँपिअरवर ठेवून तीच मोजणी पुन्हा करा, बारीक गळती त्यातच सापडते. प्रत्येक उपकरणाला परतीची स्वतंत्र वायर हवी, पत्र्यातून परत आणायची नाही.

ॲनोड, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, अर्धा झिजला की बदला. त्याच्या खालचा रंग खरवडून उघड्या धातूवर बसवा आणि त्याच्यावर रंग मारू नका. मीटरवर ॲनोड ते पत्रा जवळजवळ शून्य ओहम यायला हवेत. खाडीत पावसाळ्यात पाणी निमखारे होते. तशा पाण्यात जस्ताच्या ॲनोडवर खपली धरते आणि तो काम थांबवतो, म्हणून तिथे ॲल्युमिनियम-इंडियमचा ॲनोड घ्या. मॅग्नेशियम फक्त धरणाच्या गोड्या पाण्यासाठी. समुद्रात त्याने संरक्षण अति होते, रंग उचलला जातो आणि ॲल्युमिनियमलाच इजा होते.

बोट उतरवल्यावर दुसऱ्या दिवशी सिल्व्हर-क्लोराइडचा संदर्भ सेल (ज्याच्याशी तुलना करून व्होल्टेज मोजतात तो) पाण्यात सोडा आणि मीटरने त्याच्या तुलनेत पत्र्याचा व्होल्टेज घ्या. उणे ९०० ते उणे ११०० मिलिव्होल्टमध्ये हवा. उणे ८०० आला तर ॲनोडचा जोड किंवा तांब्याचा स्पर्श शोधा. उणे १२०० कडे गेला तर ॲनोड कमी करा. आकडा तारखेसह लिहून ठेवा आणि महिन्याने त्याच जागी पुन्हा मोजा.