एलटीव्हीवर जळगावात राहताना: खाते, दुकान, घर आणि नागरिकत्व

पाकिस्तानातून आलेली अनेक हिंदू सिंधी कुटुंबे जळगावात वर्षानुवर्षे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, म्हणजे एलटीव्हीवर राहतात. नागरिकत्व मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसावे लागते हा समज खोटा आहे. धंदा, खाते, घर हे सगळे एलटीव्हीवर होते. मात्र कागद ठरलेल्या क्रमानेच काढावे लागतात.

आधी एलटीव्ही. अर्ज ऑनलाइन करायचा. जिल्ह्यात परकीय नागरिकांची नोंद पोलीस अधीक्षक कार्यालयात होते. घरातल्या प्रत्येकाची मुदत वेगळी असू शकते, म्हणून सगळ्यांच्या तारखा एका वहीत लिहून ठेवा आणि नूतनीकरणाला मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी लागा. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे इतर बहुतेक व्हिसे रद्द झाले, तेव्हाही हिंदूंचे एलटीव्ही वैध राहिले. मुदत चुकू द्यायची नाही ती यासाठीच.

मग बँक. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पाकिस्तान-बांगलादेशातल्या अल्पसंख्याकांना एलटीव्हीवर एकच एनआरओ, म्हणजे अनिवासी रुपया खाते उघडता येते, एलटीव्हीचा अर्ज विचाराधीन असला तरीही. बरेचदा काउंटरवर हा नियम माहीत नसतो आणि ‘परदेशी’ म्हणून परत पाठवतात. तेव्हा परकीय चलनाचे व्यवहार करणारी शाखा गाठा. साध्या बचत खात्याचा आग्रह धरू नका. नागरिकत्व मिळाल्यावर हेच खाते निवासी खात्यात बदलते.

पॅनसाठी परकीय नागरिकांचा फॉर्म भरायचा, भारतीयांचा नाही. आधारसाठी अर्जाआधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेले असावे लागते, आणि ते आधार एलटीव्हीच्या मुदतीपुरतेच चालते. एलटीव्ही वाढला की आधारही अद्ययावत करा. नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव पासपोर्टवर आहे त्याच क्रमाने सगळीकडे लिहा. पुढे सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते इथेच.

दुकानात वीसपेक्षा कमी कामगार असतील तर गुमास्त्यासाठी, म्हणजे दुकानाच्या नोंदणीसाठी, ऑनलाइन सूचना दिली तरी पुरते. कापडाच्या धंद्यात एक गोष्ट हमखास विसरली जाते: एलटीव्हीवर मोकळेपणाने फिरण्याची मुभा राज्यापुरती आहे. धुळे, नंदुरबार, नाशिक चालते. माल घ्यायला सुरतेला किंवा नात्यातल्या लग्नाला बऱ्हाणपूरला जायचे तर आधी परवानगी काढा.

घराबाबत नियम स्पष्ट आहेत. राहण्यासाठी एक घर आणि स्वतःच्या धंद्यासाठी एक जागा, बस. खरेदीखतात राष्ट्रीयत्व आणि एलटीव्हीचा उल्लेख हवा, पैसा कुठून आला याचे घोषणापत्र महसूल खात्याला द्यायचे, आणि कागदांची प्रत परकीय नोंदणी अधिकारी व केंद्रीय गृह मंत्रालयाकडे पाठवायची. नागरिकत्वाआधी विकायचे झाले तर पूर्वपरवानगी लागते. ही कटकट टाळायला नातेवाइकाच्या नावावर घर घेतले की घर कायद्याने त्याचेच होते. तसे करू नका.

मुलांचे शिक्षण थांबवू नये. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला लागू आहे, त्यात नागरिकत्वाची अट नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. इथे जन्मलेल्या बाळाची नोंद २१ दिवसांत करा. पण ३ डिसेंबर २००४ पासून इथे जन्मलेल्या मुलाचे दोन्ही पालक पाकिस्तानी नागरिक असतील, तर जन्मदाखला म्हणजे नागरिकत्व नव्हे.

दलाल आधार दाखवून मतदार यादीत नाव घालून देतो म्हणेल. आधार नागरिकत्वाचा पुरावा नाही, आणि मतदार अर्जात खोटे लिहिणे हा गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नागरिकत्वाच्या अर्जाच्या तोंडावर असला डाग लावून घेऊ नका.

३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांना नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या (सीएए) २०२४ च्या नियमांनुसार नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तो ऑनलाइन भरायचा. कागद तपासणाऱ्या जिल्हास्तरीय समितीचे प्रमुख डाक अधीक्षक असतात, त्यामुळे याच्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे घालू नका. पाकिस्तानी असल्याचा पुरावा म्हणून जुना पासपोर्ट, शाळेचा दाखला, जमिनीचे कागद, अगदी आजोबांच्या नागरिकत्वाचा कागदही चालतो, आणि मुदत संपलेला असला तरी चालतो. म्हणून संपलेला पासपोर्ट जपून ठेवा. आल्याच्या तारखेसाठी व्हिसा आणि त्यावरचा इमिग्रेशनचा शिक्का, किंवा परकीय नोंदणीचा दाखला. भाषेच्या अटीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कोणतीही भाषा चालते. सिंधी आणि मराठी दोन्ही त्यात आहेत. बोलावणे आले की मूळ कागद घेऊन स्वतः हजर राहा, कारण पुरेशी संधी देऊनही न येणाऱ्याचा अर्ज नामंजूर होऊ शकतो.

२०१४ नंतर आलेल्यांनी एका घोळापासून सावध राहावे. केंद्राच्या सप्टेंबर २०२५ च्या आदेशात ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आहे, पण ती वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय राहण्याच्या सवलतीची. नागरिकत्वाची तारीख त्याने पुढे सरकलेली नाही. त्यांनी एलटीव्हीत एका दिवसाचाही खंड पडू देऊ नये आणि भाडेकरार, शाळेच्या पावत्या, वीजबिले वर्षावार लावून ठेवावीत; इथला वास्तव्याचा काळ दाखवायला पुढे हे कागद उपयोगी पडतील.