वॉरंटी संपलेल्या ईव्हीची बॅटरी बसली? पॅक बदलण्याआधी या चुका टाळा

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या मेहुण्याचा खंडाळ्याच्या घाटातून फोन आला. डिस्प्लेवर ३८ टक्के चार्ज दिसत होता, चढ लागला आणि दोन-तीन मिनिटांत तो ११ वर आला. गाडी रांगायला लागली. टॅक्सीत चालणारी गाडी, मीटरवर १ लाख ७१ हजार किलोमीटर, आणि बॅटरीची वॉरंटी १ लाख ६० हजारांना संपलेली. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरने "पॅक गेला, बदलावा लागेल" असं सांगून कोटेशन दिलं. ती रक्कम गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त होती. कर्जाचे हप्ते बाकी असताना तो गाडी भंगारात काढायला निघाला होता.

खराब निघालं ते एक मॉड्यूल, म्हणजे पॅकमधल्या सेलचा एक गट. पण हे कळायला तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत आम्ही बहुतेक सगळ्या चुका केल्या.

तपासणीआधीच कोटेशनवर विचार करत बसणं

ही सगळ्यात महाग चूक. "बॅटरी गेली" म्हणजे नेमकं काय गेलं, हे कागदावर मागा. पॅक ही एक वस्तू नसते. त्यात सेल असतात, सेलची मॉड्यूल असतात, त्यांच्यावर लक्ष ठेवणारी बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) असते, वीज जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्टर, फ्यूज, सेन्सर, वायरिंग असतं. यातलं काहीही बिघडलं तरी डॅशबोर्डवर बॅटरीचाच दिवा लागतो.

सुरुवात तर पॅकपासून करूच नका. बहुतेक ईव्हीत बॉनेटखाली एक साधी १२ व्होल्टची बॅटरी असते. कॉन्टॅक्टर आणि बीएमएस तिच्यावर चालतात. ती कमजोर झाली की मोठा पॅक ठणठणीत असूनही गाडी सुरू होत नाही आणि डझनभर इशारे एकदम झळकतात. मल्टिमीटर लावा. गाडी काही तास बंद असताना १२.६ च्या आसपास आकडा यायला हवा. १२ च्या खाली असेल तर आधी ती बदला, काही हजारांत काम होतं. पावसाळ्यात "इन्सुलेशन फॉल्ट", म्हणजे वीज कुठेतरी गळत असल्याचा इशारा, आला तर एसीचा कॉम्प्रेसर आणि चार्जिंग पोर्टमधली ओल आधी तपासून घ्या. तिथली गळतीसुद्धा पॅकच्या नावावर खपते.

चार्जचा आकडा उड्या मारत असेल तर आणखी एक शक्यता असते. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या सेलचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे किती चार्ज उरलाय याचा बीएमएसचा हिशोब हळूहळू चुकत जातो. रोज फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंतच भरणाऱ्या टॅक्सीवाल्यांना हा त्रास जास्त. दोन-तीन वेळा घरच्या स्लो चार्जरवर पूर्ण १०० टक्के भरा आणि प्लग थोडा वेळ तसाच राहू द्या. आकडा जागेवर आला तर हिशोब चुकला होता. नाही आला तर सेलकडे बघायचं. मात्र पॅकमधून वास, शिट्टीसारखा आवाज किंवा फुगवटा जाणवत असेल तर हा प्रयोग अजिबात करू नका. चार्जिंग बंद, गाडी बेसमेंटमधून बाहेर, इमारतीपासून लांब. धूर दिसला तर १०१.

मग मागा सेलनिहाय व्होल्टेजचा रिपोर्ट, उभ्या गाडीचा वेगळा आणि चालत्या गाडीचा वेगळा. हे दोन्ही का, ते मेहुण्याच्या गाडीवरून सांगतो. उभ्या गाडीत सगळे सेल ३.२९ व्होल्टच्या आसपास होते, तक्रार करायला जागा नाही. स्वतंत्र वर्कशॉपच्या पोराने लॅपटॉप मांडीवर घेतला, मी मागच्या सीटवर. चांदणी चौकाच्या चढावर मेहुण्याने ॲक्सिलरेटर दाबला तसे बाकीचे सेल ३.१८, ३.२० वर टिकले आणि चार सेल २.७ च्या खाली गेले. चारही एकाच मॉड्यूलमधले. सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे सगळ्यात कमजोर सेल जिथे थांबतो तिथे अख्खा पॅक थांबतो. शंभरातले शहाण्णव सेल धड असूनही गाडी घाटात बसते ती अशी.

मॉड्यूल बदललं की झालं, असं समजणं

मॉड्यूल बदलणं हा स्वस्त मार्ग आहे, पण प्रत्येक पॅकला तो लागू पडत नाही. एक-दोन मॉड्यूल वेगळी पडली आहेत आणि बाकी सेल एकमेकांच्या जवळ आहेत, तर दुरुस्तीला अर्थ आहे. सगळ्याच सेलचे आकडे विखुरलेले असतील तर आज एक बदलाल, चार महिन्यांनी दुसरं जाईल, आणि पॅक उघडण्याची मजुरी प्रत्येक वेळी लागेल. अशा वेळी पूर्ण पॅक घ्या किंवा गाडी सोडा.

जुन्या पॅकमध्ये कोरं करकरीत मॉड्यूल घालूनही फार फायदा नाही, कारण बाकीचे सेल आधी संपतात. आम्ही अपघातात गेलेल्या त्याच मॉडेलच्या गाडीचं, तितपतच वापरलेलं मॉड्यूल शोधलं. बसवण्याआधी त्याची क्षमता मोजून घेतली आणि व्होल्टेज बाकीच्यांशी जुळवून घेतलं. चौदा महिने झाले, गाडी चालू आहे. दर महिन्याला आकडे बघतो.

म्हातारपणाला आजार समजणं

रेंज, म्हणजे एका चार्जवर धावणारं अंतर, २०० किलोमीटरवरून १४० झाली म्हणजे पॅक निकामी झाला असं नाही. रोजचं जाणं-येणं ४० किलोमीटरचं असेल आणि सगळे सेल सारखेच उतरले असतील, तर काहीही करू नका. तीच गाडी अजून काही वर्षं सहज चालेल. विकून तोटा सोसण्यापेक्षा लांबच्या प्रवासाला भाड्याची गाडी परवडते.

वॉरंटी "संपली" हे ऐकून गप्प बसणं

सर्व्हिस सेंटरची जुनी जॉब कार्डं (तक्रार आणि कामाच्या नोंदीचे कागद) काढा. रेंज कमी झाल्याची तक्रार वॉरंटीत असताना नोंदवलेली असेल तर बाजू मजबूत आहे. कंपनीला लेखी कळवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, ती हातची घालवू नका. सेकंडहँड घेणाऱ्यांनी आणखी जपावं. काही नव्या गाड्यांना मिळणारी "आजीवन" बॅटरी वॉरंटी पहिल्या खाजगी मालकापुरतीच असते. विकणारा हे सांगेलच असं नाही.

कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय का, हेही विचारा. ईव्ही घेताना ५ टक्के लागतो, पण सुटा लिथियम-आयन पॅक घेताना १८ टक्के. जुन्या पॅकचे किती वजा करणार, हे त्याच कागदावर लिहून घ्या.

गाडी पुराच्या पाण्यात उभी होती का? मग हा विम्याचा विषय आहे. गाडी सुरू करू नका, चार्जिंगला लावू नका आणि सर्व्हेअर येईपर्यंत कोणाला पॅक उघडू देऊ नका. आपोआप जीर्ण झालेली बॅटरी साध्या पॉलिसीत बसत नाही, पाण्याने गेलेली बसू शकते.

ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून पॅक उघडून घेणं

इथे मी हात जोडून सांगतो. ६० व्होल्टच्या वर डीसी धोकादायक धरतात, आणि गाडीच्या पॅकमध्ये तीनशे-चारशे असतात. सर्व्हिस प्लग (पॅकची वीज तोडणारा प्लग) काढला तरी गाडीच्या इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं चार्ज राहतो, आणि सेलमधला तर जातच नाही. १००० व्होल्टचे हातमोजे आणि इन्सुलेटेड पाने नसलेल्या माणसाला हात लावू देऊ नका. "जास्त रेंजचा लोकल पॅक बसवून देतो" म्हणणाऱ्यालाही नको. मूळ मान्यतेपेक्षा वेगळा पॅक म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत फेरफार, आणि आग लागली तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल.

निर्णय होईपर्यंत गाडी रिकाम्या चार्जवर दारात उभी ठेवू नका. आम्ही १२ दिवस ठेवली, सुदैवाने निभावलं. सेल फार खाली उतरले की आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि असा सेल पुन्हा चार्ज करणं आगीला आमंत्रण असतं. चार्ज होत असेल तर साधारण निम्म्यावर ठेवा आणि १२ व्होल्टची बॅटरी वेगळी करा.

काढलेलं मॉड्यूल भंगारवाल्याला देऊ नका, सोलरला लावू म्हणून गॅलरीतही ठेवू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, आणि नोंदणीकृत रिसायकलर ते रीतसर घेतात. मेहुण्याचं मॉड्यूल वर्कशॉपने अशाच ठिकाणी पाठवलं. त्याची पावती गाडीच्या फाइलमध्ये आहे, सेलच्या आकड्यांच्या दोन पानांसोबत. गाडी विकायची वेळ आली की गिऱ्हाइकाला तीच पानं आधी दाखवायची, असं त्याने ठरवलंय.