वर्णपटात पीक (टोक) दिसलं की लगेच नाव देऊ नका

युरोपियम घातलेली यट्रियम ऑक्साईडची पांढरी पावडर २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरली की लालभडक उजळते. (दिवा लावण्याआधी अतिनील अडवणारा चष्मा घाला, यात सूट नाही.) वर्णपट (कोणत्या तरंगलांबीला किती उजेड, याचा आलेख) घ्यायला बसलात की मात्र पावडरीच्या उजेडासोबत मशीनमधल्या झेनॉन दिव्याचा, खोलीतल्या ट्यूबचा, नमुन्याखालच्या कागदाचाही उजेड डिटेक्टरपर्यंत पोचतो. मशीनला त्यातलं काय कुणाचं ते कळत नाही, ते तुम्हालाच ओळखावं लागतं. लॅबमध्ये नव्याने आलेल्यांना मी आधी एवढंच शिकवते. कुठलं ट्रान्झिशन (इलेक्ट्रॉनची एका ऊर्जापातळीवरून दुसरीवर उडी), कुठली ऊर्जापातळी हे सगळं नंतर.

सुरुवात होल्डरपासून करा. पावडर खोलगट जागेत भरून पृष्ठभाग सपाट दाबा आणि वर क्वार्ट्झची चकती ठेवा. साधी काच चालणार नाही, २५४ चा प्रकाश ती जवळजवळ सगळा शोषून घेते. पावडर कागदावर किंवा चिकटपट्टीवर पसरायचा मोह होतो, तो टाळा. कागद शुभ्र दिसावा म्हणून घातलेली रसायनं अतिनील प्रकाशात निळी चमकतात आणि तो निळा पट्टा तुमच्या वर्णपटात येऊन बसतो. होल्डर बरोबर ४५ अंशांवरही नको. तिथे पृष्ठभागावरून परतलेला झोत थेट डिटेक्टरच्या वाटेला लागतो. मी ३० अंशांवर ठेवते.

नमुन्याचा स्कॅन इतक्यात नाही. आधी एक्सायटेशनचं (नमुन्याला उत्तेजित करणाऱ्या दिव्याकडचं) शटर बंद करून स्कॅन घ्या. दिवाच अडवलेला असल्यामुळे रेषा सपाट यायला हवी. ४३६ आणि ५४६ नॅनोमीटरपाशी टोकं दिसली तर तो ट्यूबमधला पारा. खरा घोटाळा ६११ चा आहे. तीन रंगांच्या फॉस्फरवर (अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या पावडरींवर) चालणाऱ्या ट्यूबमध्ये लाल रंग देणारा पदार्थ म्हणजे हेच युरोपियमचं यट्रियम ऑक्साईड! छतावरच्या ट्यूबची लाल रेषा आणि तुमच्या पावडरीची लाल रेषा अगदी एकाच जागी येतात. नमुना फिका असेल तर झाकणाच्या फटीतून शिरलेला उजेड त्याचं सोंग बेमालूम आणतो. झाकणावर काळं कापड टाका, खोलीतले दिवे मालवा, आणि सपाट रेषा मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग त्याच होल्डरमध्ये, त्याच सेटिंगवर शुद्ध बेरियम सल्फेट भरून स्कॅन घ्या. ही पावडर प्रकाश भरपूर विखुरते, पण स्वतः जवळपास चमकत नाही. त्यामुळे जे दिसेल ते मशीनचं. २५४ वर उत्तेजित करत असाल तर ५०८ ला एक देखणं, अरुंद, हिरवं पीक मिळेल. मोनोक्रोमेटर (एकच तरंगलांबी निवडणारा भाग) ५०८ वर असताना त्यातल्या ग्रेटिंगच्या (बारीक रेघांच्या पट्टीच्या) दुसऱ्या क्रमातला, म्हणजे निम्म्या तरंगलांबीचा, २५४ चा प्रकाशही त्याच कोनातून बाहेर पडतो, हे त्याचं कारण. नमुन्यात असं पीक दिसलं की 'जाळीतला (स्फटिकाच्या रचनेतला) दोष' म्हणून त्याला नाव देण्याची घाई फार होते. उत्सर्जनाच्या बाजूला ३०० च्या आसपासचा लाँगपास फिल्टर (त्याहून लांब तरंगलांबीचाच प्रकाश सोडणारा) लावा, पीक गायब होईल. काही फिल्टर स्वतःही थोडे चमकतात, म्हणून फिल्टरसकट ब्लँक (बेरियम सल्फेटचा स्कॅन) पुन्हा घ्या.

आता नमुना. त्यात संशयास्पद काही दिसलं तर माझी सगळ्यात आवडती चाचणी करा: उत्तेजनाची तरंगलांबी थोडी सरकवा. २५४ वरून २६० केलंत तर दुसऱ्या क्रमाचं पीक ५०८ वरून ५२० ला जाईल, दुप्पट सरकेल. नमुना पाण्यात असेल तर पाण्याचं रामन पीकही (पाण्याच्या रेणूंनी थोडी ऊर्जा काढून घेऊन विखुरलेला उजेड) सरकतं, पण दिव्याच्या तरंगलांबीपासून ऊर्जेच्या मापात सुमारे ३४०० प्रतिसेंटीमीटर अंतर राखून. ३५० ला उत्तेजित केलं तर ते ३९७ च्या आसपास सापडतं. युरोपियमची ६११ ची रेषा जागची हलत नाही, फक्त उंची बदलते. (ट्यूबची रेषाही हलत नाही, म्हणूनच शटरची चाचणी वगळता येत नाही.) रुंद पट्ट्याच्या फॉस्फरमध्ये मात्र जपून, चमकणारी केंद्रं एकाहून अधिक असली तर खरा पट्टाही सरकू शकतो.

उत्तेजन वर्णपटात डिटेक्टर ६११ वर ठेवून दिवा स्कॅन करतो. २५० च्या आसपास ऑक्सिजनकडून युरोपियमकडे होणाऱ्या चार्ज ट्रान्सफरचा (इलेक्ट्रॉन सरकण्याचा) रुंद पट्टा, मग ३९४ आणि ४६५ च्या बारीक रेषा. ३०५.५ ला सुईसारखं काही उभं राहिलं तर त्याची दुप्पट करून बघा: ६११, म्हणजे पुन्हा तोच दुसरा क्रम. उत्सर्जनाकडे ५०० चा लाँगपास लावला की तेही जातं. झेनॉन दिव्याला स्वतःच्या रेषा आहेत, त्यातली एक ४६७ पाशी. दिव्याचा उजेड मोजणाऱ्या संदर्भ डिटेक्टरनुसार आकडे सुधारण्याची सोय चालू नसेल तर ४६५ ची रेषा उगाच फुगते.

स्लिट (उजेड सोडणारी फट) उत्सर्जनाकडे १ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी. ५ ठेवलीत तर ५९० च्या आसपासच्या वेगळ्या रेषा एकमेकींत मिसळतात आणि युरोपियम कशा जागेत बसलाय हे सांगणारी माहितीच हातची जाते. ५८० जवळच्या रेषेवरून जागा मोजतानाही सावध राहा. यट्रियम ऑक्साईडमध्ये जागा दोन प्रकारच्या आहेत, पण एकीला व्युत्क्रम सममिती (केंद्रातून उलटली तरी तशीच राहणारी रचना) असल्यामुळे तिच्याकडून ही रेषा येतच नाही.

६११ आणि ५९१ च्या पिकांचं गुणोत्तर काढण्याआधी डिटेक्टर भरून वाहत (मोजायच्या मर्यादेबाहेर जात) नाही ना, ते पाहा. एक्सायटेशनकडे न्यूट्रल फिल्टर (सगळा प्रकाश सारखाच मंद करणारा) लावून स्कॅन घ्या. गुणोत्तर वाढलं तर आधी मोठं पीक कापलं जात होतं.

आणि 'हा नमुना त्याच्यापेक्षा जास्त उजळ' असं लिहिण्यापूर्वी एकच पावडर होल्डरमधून काढून, पुन्हा भरून, पुन्हा मोजा. असं चार-पाचदा केल्यावर आकडे जितके इकडेतिकडे होतात, त्याहून लहान फरकाला मी फरक मानत नाही. युरोपियमचं सर्वोत्तम प्रमाण ठरवणाऱ्या आलेखांवर हे बदल एरर बार (अनिश्चितता दाखवणाऱ्या रेघा) म्हणून दिसायलाच हवेत, नाहीतर तो शिखरबिंदू पावडर कशी दाबली गेली त्यावरून ठरलेला असू शकतो. प्रत्येक फाईलच्या नावात उत्तेजन, दोन्ही स्लिट, फिल्टर आणि डिटेक्टरचा व्होल्टेज लिहा. ब्लँकची फाईल नमुन्याच्याच फोल्डरमध्ये ठेवा.