गाडी चार्जिंगला लावली की व्होल्टेज पडतं? आधी तीन ठिकाणी मोजा

गोव्यात पेडण्यातल्या आमच्या कौलारू घरात मेन स्विच पुढच्या ओसरीवर आणि गाडी मागच्या अंगणात, मधे तीस मीटर वायर. गेल्या चवथीला घर माणसांनी भरलं आणि रात्री चार्जरवर लाल दिवा लागला: व्होल्टेज कमी. सगळ्यांनी ट्रान्सफॉर्मरला दोष दिला. दोष घरातच निघाला.

म्हणून तक्रार करण्याआधी मोजा: मेन स्विचवर, डीबीवर (घरातले एमसीबी असतात त्या पेटीवर), चार्जरच्या टोकाशी. प्रत्येक ठिकाणी दोनदा, चार्जिंग बंद असताना आणि चार्जिंग सुरू होऊन दहा मिनिटं झाल्यावर. लोड नसताना 230 दिसलं तर त्यावर जाऊ नका. लोड पडल्यावर किती उतरतं ते महत्त्वाचं. उघड्या टर्मिनलवर मीटर लावायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा. वीजमीटरच्या सीलला हात लावायचा नाही.

माझे आकडे लोडवर: मेनला 221, डीबीवरही जवळपास तेवढेच, चार्जरशी 198. वायर 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची. तीस मीटरवर 15 अँपिअरला साधारण 8 व्होल्ट जाणारच. मग उरलेले 15 कुठे गेले? अंगणातल्या आयसोलेटरमध्ये, म्हणजे चार्जरची वीज तोडायच्या स्विचमध्ये. न्यूट्रलचा (करंट परत नेणाऱ्या तारेचा) स्क्रू सैल, खाऱ्या दमट हवेने तांबं हिरवं पडलेलं, प्लास्टिक तपकिरी. 15 व्होल्ट गुणिले 15 अँपिअर, म्हणजे त्या एका स्क्रूवर सव्वादोनशे वॅट उष्णता! वर लाकडी वासे. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मेन बंद करून वायरमनने खराब टोकं कापली, नवे लग (तारेच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) दाबून बसवले, आयसोलेटर बदलला आणि 6 चौरस मिलिमीटरची वायर ओढली. आता लोडवर चार्जरशी 217 मिळतात. 7 किलोवॅटचा चार्जर 32 अँपिअर ओढतो, त्याला 2.5 ची वायर मुळीच चालणार नाही.

मेनलाच व्होल्टेज पडत असेल तर गोष्ट वेगळी. फक्त गाडी लावल्यावर पडतं? दोष खांबावरच्या जोडात किंवा सर्व्हिस वायरमध्ये, म्हणजे खांबावरून घरात येणाऱ्या वायरमध्ये. गाडी नसतानाही रोज संध्याकाळी 207 च्या खाली? मग लाईनवरचा भार. दोन्ही वेळा 1912 वर तक्रार करा, तारीख, वेळ आणि आकडे लिहून ठेवून. नुसतं 'करंट कमी येतो' सांगितलं तर लाईनमनला शोधायला काही धागा मिळत नाही. तोवर गाडीच्या सेटिंगमध्ये करंट 10 अँपिअरवर आणा आणि मध्यरात्रीनंतर चार्ज करा.

थ्री-फेज घरात काही दिवे मंद आणि काही एकदम भगभगीत झाले तर मोजत बसू नका. न्यूट्रल तुटतोय, मेन लगेच पाडा.

स्टॅबिलायझर घ्यावा का, असं शेजारच्या काकींनी विचारलं. मी नको म्हटलं. तो व्होल्टेज वर चढवायला लाईनमधून आणखी करंट ओढतो, आणि सैल जोड आणखी तापतो.