इंजिन पुरेसे गरम होत नसेल तर निदान रस्त्यावर करा

इंजिन तापले की गाडीमालक घाबरून धावत येतो. इंजिन पुरेसे गरम होत नाही, ही तक्रार मात्र सहसा कोणी स्वतःहून करत नाही. मायलेज घसरले, हीटरची हवा कोमट येते किंवा स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणाऱ्या उपकरणावर, पी०१२८ हा इंजिन पुरेसे तापत नसल्याचा कोड दिसला, अशा आडवाटेने ती आपल्यापर्यंत येते. थंड राहिलेले इंजिन सुरक्षित असते, हा समज मनातून आधीच काढून टाका. कूलंट, म्हणजे इंजिनातून फिरून त्याची उष्णता वाहून नेणारे द्रव, ठरलेल्या तापमानाला पोहोचले नाही, तर ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) गरजेपेक्षा जास्त इंधन सोडत राहतो, त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलमधला ओलावा उडून न गेल्यामुळे आत गाळ साचू लागतो.

संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाण्यापासून रोखणाऱ्या झडपेवर, जातो आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. प्रश्न असतो तो सिद्ध करण्याचा, आणि माझी सर्वांत जास्त दमछाक इथेच झाली. गाडी गॅरेजमध्ये उभी करून इंजिन सुरू ठेवले, डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा सावकाश मध्यावर आला, स्कॅनरवर ८८ अंश दिसले, की मन म्हणते की थर्मोस्टॅट ठीक आहे. हा निष्कर्ष काढू नका. थर्मोस्टॅट पूर्ण उघडा अडकलेला नसून केसभरच उघडा राहिला असेल, तर आयडलिंगवर रेडिएटरकडे जाणारे कूलंट थोडे असते आणि समोरून वाराही येत नसतो; त्यामुळे रेडिएटरकडे गेलेली उष्णता फारशी बाहेर पडत नाही आणि इंजिन उशिरा का होईना, गरम होते. तीच गाडी मोकळ्या रस्त्यावर वेग घेते, तेव्हा पंप जोरात फिरतो, रेडिएटरवर वारा आदळतो आणि ८८ वर असलेला आकडा पाहता पाहता सत्तरच्या खाली येतो. उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की तो आणखी खाली जातो आणि सिग्नलला थांबल्यावर पुन्हा चढतो. धावताना घसरणारे आणि थांबल्यावर चढणारे तापमान ही अडकलेल्या थर्मोस्टॅटची खूण आहे, आणि उभ्या गाडीत ती कधीच दिसणार नाही. आकडा वाचण्यासाठी शेजारी दुसरी व्यक्ती बसवा. चालवणाऱ्याने स्कॅनरकडे पाहू नये.

काट्यावर तर मुळीच विसंबू नका. अनेक गाड्यांत तापमान बऱ्याच अंशांनी वरखाली झाले तरी काटा मध्यावरच स्थिर राहील, अशी रचना मुद्दाम केलेली असते.

रस्त्यावर निघण्यापूर्वी मात्र दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. गाडी रात्रभर उभी असताना, इंजिन सुरू करण्याआधी, कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान स्कॅनरवर जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. त्यांत मोठी तफावत असेल, तर संशय सेन्सरवर घ्या. कूलंटचा आकडा उणे ४० असेल, तर वायर तुटली आहे किंवा कनेक्टर निघाला आहे असे बहुधा समजावे. दुसरी गोष्ट कूलंटच्या पातळीची. पातळी उतरली असेल किंवा आत हवा अडकली असेल, तर सेन्सर कूलंटऐवजी हवेत राहतो आणि इंजिन गरम असूनही कमी तापमान दाखवतो. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नका.

रेडिएटरचा वरचा पाइप हाताने चाचपण्याची पद्धत जुनेजाणते मिस्त्री शिकवतात. ती चांगली आहे, पण थर्मोस्टॅट इंजिनातून कूलंट बाहेर पडण्याच्या बाजूला असेल तरच. काही इंजिनांत तो आत येण्याच्या बाजूला, खालच्या पाइपपाशी बसवलेला असतो आणि तिथे वरचा पाइप लवकर गरम होणे स्वाभाविक असते. त्यामुळे पाइपला हात लावण्याआधी मॅन्युअल उघडा. ‘हात लावला की कळते’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘आधी जागा बघ’ म्हणणारा गुरू मिळाला, तर त्याला सोडू नका.

रेडिएटरचा पंखाही एकदा पाहून घ्यावा. रिले (पंखा चालू-बंद करणारा विद्युत स्विच) चिकटल्यामुळे तो थंड इंजिनावरही फिरत असेल, तर केसभर उघड्या थर्मोस्टॅटचा परिणाम तो आणखी वाढवतो. आधी कोणी ‘कटकट नको’ म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकला असण्याचीही शक्यता असते. हा उपाय माझ्या मते अक्षम्य आहे. तापण्याच्या तक्रारीचे खरे कारण त्याने झाकले जाते आणि इंजिन कायमचे थंड राहते.

काढलेला थर्मोस्टॅट उजेडासमोर धरा. झडप आणि तिची बैठक यांच्यामध्ये गंजाचा किंवा जुन्या सीलंटचा कण अडकलेला असला, तर तिथून उजेडाची बारीक रेघ दिसते. मग तो दोऱ्याने पाण्यात टांगा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका आणि शेजारी थर्मामीटर ठेवून पाणी तापवा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा जो आकडा कोरलेला असेल, त्याच्या आसपास झडप उघडू लागली पाहिजे आणि पाणी निवल्यावर पूर्ण मिटली पाहिजे. पहिल्या काही गाड्यांना वेळ लागेल, त्याने खचून जाऊ नका. हा क्रम हाताला बसतो.

नवा थर्मोस्टॅट बसवताना हवा जाण्याचे बारीक छिद्र असेल, तर ते मॅन्युअलमध्ये दाखवल्याप्रमाणे, बहुतेक ठिकाणी वरच्या बाजूला, ठेवावे. कूलंट भरून हवा पूर्ण काढावी आणि गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने न्यावी. स्कॅनरवरचा आकडा उतारावरही स्थिर राहिला, तरच गाडी मालकाच्या हाती द्यावी.